काला बंदरच्या चोवीस गल्ल्या

आश्रमशाळा, सालेकशाच्या पुढे
४ जुलै २०१०

प्रिय भूमे,

आशीर्वाद.

पोहोचलो. सालेकशाला गाडीतून उतरल्यावर जीप, आणि जीप थांबते तिथून तीन किलोमीटर पायी. शाळेत एकशे चाळीस मुलं आणि आम्ही पाच मास्तर. मोबाईलचा टॉवर दूर टेकडीवर दिसतो, पण रेंज नाही. पोस्टमन बुधवारी येतो. म्हणून आता पत्रच.

मुख्य गोष्ट सांगतो. ऑनलाइन खेळातली आपली ‘काला बंदर’ टोळी तुझ्या हाती देऊन राहिलो. तुझ्या सायबर कॅफेतल्या सात नंबरच्या मशीनवर बसून तीन वर्षांत मी ही टोळी उभी केली. त्या खोट्या शहरात आज चोवीस गल्ल्या आपल्या आहेत. समुद्र आपल्यापैकी कोणी पाहिला नाही, पण बंदर आपलं आहे.

तुला आजवर साथीदाराची बाजू दिसत होती, सरदाराची नाही. सरदाराला प्रत्येकाची वफादारी दिसते, शंभरपैकी. एकाला गल्ली दिली की त्याचा आकडा चढतो आणि बाकीच्यांचा उतरतो. कोणाचा आकडा तीसच्या खाली गेला की त्याच्यासमोर ‘वेगळे व्हा’ असं बटन येतं. ते दाबलं की तो आपल्या सगळ्या गल्ल्या घेऊन निघून जातो. तर युक्ती एवढीच: सगळ्यांना थोडं उपाशी ठेवायचं, पण पंगतीतून कोणाला उठू द्यायचं नाही.

वीरेंद्रकडे आठ गल्ल्या आहेत आणि जहाजं लागतात तो धक्का त्याच्याकडे आहे. तो गेला तर समज सगळं गेलं. अर्जुनी मोरगावचा जागेश्वर, ज्याला आपण कधी पाहिलं नाही, त्याच्याकडे सहा. आपले रिटायर कंडक्टर श्यामलालजी, त्यांच्याकडे सहा. तुझ्या दोन आणि माझ्या दोन.

मी खेळत नाही हे कोणाला कळू देऊ नकोस. रविवारी सालेकशाला येऊन खेळतो, असं सांगून ठेवलं आहे. तू माझ्याच नावाने लिही. पासवर्ड आजीचं नाव आणि माझं जन्मसाल. जुने निरोप उडवून टाक, पेटी भरली आहे. वाचण्यासारखं त्यात काही नाही.

काकाजींना, काकूंना नमस्कार.

तुझा भाऊ
टिकेश

*

सौंदड
१८ जुलै २०१०

टिकेशभाऊ,

नमस्कार. पत्र मिळालं. माय म्हणते, टिकेशले सांग, पाणी उकळून पी.

माझं बरं आहे. सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला जाते, दिवसभर सायबरमध्ये पोरापोरींचे फॉर्म भरते, संध्याकाळच्या गाडीने परत. मालक म्हणाले की दिवाळीपासून कॉम्प्युटरची बॅच मलाच शिकवायला देतील. बाबूजींना सांगितलं तर काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतः सायकलवरून स्टेशनवर सोडून आले. त्यांचं ‘हो’ असंच असते.

तुझ्या नावाने आत गेली. सगळे आकडे समोर आले. वीरेंद्र एकाहत्तर. श्यामलालजी चौसष्ट. जागेश्वर अठ्ठावन्न. आणि मी एकोणचाळीस.

भाऊ, मी एकोणचाळीस काऊन? तीन वर्षांत सोडून जायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझी परीक्षा होती तेव्हा तुझ्या दोन गल्ल्याही मीच राखल्या. आणि खेळ म्हणते की ही अजून दहा पायऱ्या उतरली की जाईल.

जुने निरोप उडवले नाही अजून. पाचशेच्या वर आहेत, एकेक उडवायला वेळ लागते.

तुझी बहीण
भूमेश्वरी

*

आश्रमशाळा
२ ऑगस्ट २०१०

प्रिय भूमे,

तू आकड्याचं मनावर घेतलंस. खेळाला काय माहीत आपलं नातं? तो फक्त गल्ल्या मोजतो. आपल्याकडे पंगत बसते तेव्हा घरच्या माणसांना शेवटी वाढतात ना? ते रुसतात का? बाहेरच्याला आधी वाढावं लागतं, कारण तो उठून जाऊ शकतो.

आता ऐक. जागेश्वर अठ्ठावन्नवर आहे, ते मला बरं दिसत नाही. श्यामलालजींच्या मच्छीबाजाराच्या दोन गल्ल्या काढून त्याला दे. श्यामलालजींना लिही की समोरच्या टोळीचा हल्ला येणार आहे, म्हणून थोड्या दिवसांसाठी घेतल्या. जागेश्वरला लिही की त्या कायमच्या तुझ्याच. म्हातारा माणूस आहे, चौसष्टवरून पन्नासवर आला तरी कुठे जाणार?

वीरेंद्रने काही विचारलं तर एवढंच लिही, ‘दिवाळीनंतर बोलू.’ जास्त नको.

इथे पाऊस लागला आहे. संध्याकाळी पोरं ओळीत बसून ताटं वाजवतात आणि मी भात वाढतो. शिकवण्यापेक्षा तेच काम जास्त. हेडमास्तर मला ‘ए नवीन’ म्हणतात. भूमे, त्या सायबरमध्ये चार लोक माझ्या एका शब्दासाठी थांबत होते. इथे येऊन कळलं की ते काय होतं. म्हणून सांगतो, सांभाळ.

टिकेश

*

सौंदड
२९ ऑगस्ट २०१०

टिकेशभाऊ,

तू सांगितलं तसं केलं. पण मला चांगलं नाही वाटलं, ते तुला सांगणार आहे.

श्यामलालजी रोज दुपारी जेवून येतात, तीन नंबरवर बसतात. चष्मा पुसतात, मग खेळ उघडतात. बायको गेल्यापासून घरी करमत नाही, असं एकदा म्हणाले होते. त्या दिवशी मी काउंटरवरून तुझ्या नावाने त्यांच्या दोन गल्ल्या काढल्या आणि निरोप पाठवला. मध्ये सहा फुटांचं अंतर. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठून माझ्याकडे आले.

"बाई, तुया भावाले विचारजो, मी का चुकलो? मच्छीबाजार मी दोन साल राखला. एक दिवस नागा नाही केला."

"हल्ला येणार आहे म्हणून घेतल्या असतील, बाबा," मी म्हटली.

"हल्ला येऊन राहिला तं मले पुढे कर ना. काढून काऊन घेतल्या?"

त्यांनी वहीत वेळ लिहिली, सही केली आणि गेले. दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तर पहिल्यासारखेच. त्यांचा आकडा एक्कावन्न झाला आहे, पण त्यांच्या तोंडावर तसं काही दिसत नाही.

वीरेंद्रनेही विचारलं. लिहिलं होतं, ‘भाऊ, त्या गोष्टीचं काय झालं?’ मी लिहिलं, ‘दिवाळीनंतर बोलू.’ तो एवढा खूश झाला की पाच नंबरवरून उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला. आजकाल माझ्याशी फार अदबीने बोलतो, बापाच्या लोखंडाच्या दुकानातला तो वीरेंद्र, ज्याला कधी ‘अहो’ म्हणता येत नव्हतं! नागपंचमीच्या दिवशी पाऊस होता तर स्टेशनपर्यंत छत्री द्यायला आला. मी म्हटली, माझ्याजवळ आहे. ती गोष्ट कोणती, भाऊ? मला सांगून ठेव, म्हणजे लिहिताना चूक होणार नाही.

भूमेश्वरी

*

आश्रमशाळा
२० सप्टेंबर २०१०

प्रिय भूमे,

घाईत लिहितो, पोस्टमन उभा आहे. वीरेंद्रची गोष्ट म्हणजे त्याला माझी जुनी मोटरसायकल पाहिजे आहे, बस. तू त्यात पडू नकोस.

घंटाघराची गल्ली माझ्याकडून काढून वीरेंद्रला दे. श्यामलालजींचं तू फार मनावर घेतेस. ते खेळायला येतात, आपण खेळतो, यात रडायचं काय?

तुझी बॅच सुरू झाली की कळव.

टिकेश

*

सौंदड
२१ नोव्हेंबर २०१०

टिकेशभाऊ,

दिवाळीला तू आला नाहीस. आला असतास तर कदाचित हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मागच्या रविवारी अकरा वाजता आमच्या दारात जीप थांबली. वीरेंद्र, त्याचे वडील आणि त्याचा मामा. हातात नारळ आणि मिठाईचा डबा. बाबूजी खळ्यात धानाचे भारे रचून राहिले होते, तसेच अंगाला कोंडा लागलेले आले. मायने चहा ठेवला. मला वाटलं, मोटरसायकलसाठी तुझा पत्ता विचारायला आले.

वीरेंद्रचे वडील म्हणाले, "आता दिवाळी झाली. तारीख काढून टाकू."

बाबूजींनी विचारलं, "कोणाची?"

मग सगळं बाहेर आलं. तुमच्या पुतण्याने सव्वा वर्षापूर्वीच शब्द दिला आहे, मुलीच्याही मनात आहे, आम्ही तुमच्या भरवशावर दोन स्थळं परत पाठवली. बाबूजी म्हणाले, "पोरगी माही, अन् शब्द देणारे दुसरेच?" वीरेंद्रने खिशातून कागद काढला. ऑगस्टचा निरोप, प्रिंट काढलेला. ‘दिवाळीनंतर बोलू.’

भाऊ, ते दोन शब्द मी टाइप केले होते. काउंटरवर बसून, माझ्या बोटांनी.

मी म्हटली, मला काही माहीत नाही. वीरेंद्रने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याचा मामा म्हणाला, "रोज पाहत होती, चहा पीत होती, तवा माहीत होतं, आता बापासमोर नाही माहीत?" शेजारची धुरपताबाई कुंपणाला टेकून उभी होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सौंदडला माहीत झालं की भैय्यालालची पोरगी गोंदियाला जाऊन काय करते.

ते गेल्यावर बाबूजी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा रेल्वेचा पास त्यांनी माझ्या पर्समधून काढला आणि चुलीत टाकला. म्हणाले, "सायबरची चाबी उद्या नेऊन दे. मायले संगं ने."

सोमवारी गेलो. माय बाहेर बाकावर बसली. मालक म्हणाले, बॅच पुढच्या आठवड्यापासून होती, आता दुसरी मुलगी पाहतो. मी म्हटली, मला एक तास मशीन द्या. आणि तुझे जुने निरोप उघडले. तेच, जे तू उडवायला सांगितले होते.

वीरेंद्रला, ऑगस्ट २००९: ‘धक्का घेऊन जाऊ नको. भूमेश्वरीचं मी काकाजींशी बोलतो. तिच्याही मनात आहे, लाजते म्हणून बोलत नाही.’ त्या दिवशी त्याची वफादारी एकतीस होती. तारीख लावून पाहिली मी.

श्यामलालजींना: ‘बाबा, तुम्ही मला बापाच्या जागी. माझ्यानंतर सरदार तुम्हीच.’

जागेश्वरला, त्याच आठवड्यात: ‘म्हातारा किती दिवस खेळेल? त्याच्या गल्ल्या तुझ्याच समज. माझ्यानंतर सरदार तूच.’ त्याने विचारलं होतं, तुझी बहीण नाराज नाही होणार? तू लिहिलं, ‘ती कुठे जाते.’

मी जास्त काही मागत नाही. एक दिवसाची सुट्टी काढून ये. बाबूजींच्या समोर बस आणि सांग की शब्द मी दिला होता, भूमेला माहीत नव्हतं. एवढंच. तुझे हे निरोप मी त्यांना दाखवले नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते मानतील, तू मोठ्या भावाचा मुलगा आहेस.

मी वाट पाहून राहिली.

भूमेश्वरी

*

आश्रमशाळा
५ डिसेंबर २०१०

प्रिय भूमे,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. वीरेंद्र असा एकदम घरी येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी बोलणारच होतो काकाजींशी, योग्य वेळ पाहून. तू असं समजू नकोस की मी तुझा सौदा केला. तो चांगला मुलगा आहे, दुकान आहे, व्यसन नाही. तुझं भलंच होतं त्यात. अजूनही शांतपणे विचार करून पाहा.

सध्या येणं जमत नाही. शाळेत तपासणी आहे. आणि दुसरी गोष्ट तुला सांगतो, घरच्यांनी सांगितली नसेल. गोरेगावकडे माझं जमून राहिलं आहे. माघात साक्षगंध करायचं म्हणतात. अशा वेळी माझ्याच घरात असा तमाशा झाला, मी काकाजींना न विचारता शब्द दिला, असं मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर काय होईल? माझे बाबूजी मला घरात उभे करणार नाहीत. काकाजींचा राग महिन्या दोन महिन्यांत उतरेल. बापाचा राग किती दिवस टिकतो? साक्षगंध होऊ दे, मग मी स्वतः येतो.

एक विनंती. सायबर सुटलं तरी टोळी अशीच सोडू नकोस. कोणाकडून तरी उघडून पाहत जा. वीरेंद्र आता बिथरला असेल, त्याला आणखी एक गल्ली देऊन थांबव. माझी दुसरी दे हवी तर.

टिकेश

*

सौंदड
२ जानेवारी २०११

टिकेशभाऊ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचा मजकूर चारदा, कारण मला खरं वाटत नव्हतं.

मागच्या मंगळवारी मायचे डोळे दाखवायला गोंदियाला गेलो. दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. मायला म्हटली, मी येते. तिने विचारलं नाही कुठे. फक्त म्हणाली, "लवकर ये."

सायबरमध्ये श्यामलालजी आणि वीरेंद्र दोघेही होते. मी आधी श्यामलालजींजवळ गेली. म्हटली, बाबा, जुलैपासून टिकेशभाऊच्या नावाने मी लिहून राहिली होती. तुमचा मच्छीबाजार मी काढला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मले वाटलंच होतं. तुया भाऊ कधी ‘बाबा, जेवलात का’ असं लिहीत नव्हता." मला आठवलंही नव्हतं की मी असं कधी लिहिलं.

मग मी तुझं खातं उघडलं. तू श्यामलालजींना लिहिलेले निरोप जागेश्वरला पाठवले, जागेश्वरला लिहिलेले श्यामलालजींना, आणि दोन्ही वीरेंद्रला. एक अक्षर बदललं नाही. मग सगळ्यांच्या वरून दिलेल्या गल्ल्या एकेक करून काढायला लागली, म्हणजे आकडे तीसच्या खाली जातील आणि ज्याला जायचं तो आपलं राखलेलं घेऊन सुटेल. मच्छीबाजार श्यामलालजींना दिला. आकडे उतरत गेले. वीरेंद्र अठ्ठावीस. जागेश्वर बावीस. जागेश्वर लगेच गेला, अर्जुनीत कुठेतरी बसून त्याने बटन दाबलं. त्याने एक ओळ लिहिली, ती तुझ्यासाठी आहे, मी लिहीत नाही.

वीरेंद्र पाच नंबरवरून उठून आला. मी म्हटली, "माझ्या मनात नव्हतं. कधीच नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, मलाही. आता तुम्ही एकदा माझ्या बाबूजींना सांगा की आपलं काही बोलणं नव्हतं."

तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "सव्वा साल मी घरी सांगून राहिलो का पोरगी तयार आहे. आता जाऊन सांगू का एका खेळातल्या धक्क्यासाठी मले उल्लू बनवलं? बाजारात तोंड दाखवाले जागा राहील का माही?"

"मग माझ्या तोंडाचं काय?"

"तुया भावाले विचार," तो म्हणाला. आणि खेळ बंद करून गेला. धक्का त्याने घेतलाही नाही. आता बाजारात तो असं सांगते की पोरीनेच नादी लावलं आणि ऐनवेळी पलटली. मालकांच्या बायकोने माझ्या तोंडावर सांगितलं.

श्यामलालजींचा आकडा सगळं झाल्यावरही चौतीस होता. त्यांच्यासमोर बटन आलंच नाही. मी म्हटली, बाबा, मी आणखी उतरवू का, म्हणजे तुम्हाला जाता येईल? ते म्हणाले, "राहू दे. मी उद्यापासून येत नाही, बस."

आणि पुढचं ऐक. शुक्रवारी ते सौंदडला आले. पॅसेंजरने, धोतर टोपी घालून, स्टेशनवर पत्ता विचारत. बाबूजींसमोर खाटेवर बसले. म्हणाले, "मी तीस साल कंडक्टर होतो. गाडीत कोण कोणाले काय इशारा करते, मले न पाहता समजते. तीन साल मी या पोरीच्या बाजूले बसलो. हिचं त्या पोराशी काहीच नव्हतं. शब्द तुमच्या पुतण्यानं देला." बाबूजींनी सगळं ऐकलं. चहा दिला. मग विचारलं, "तुम्ही आमचे कोण?" श्यामलालजी म्हणाले, "कोणीच नाही." बाबूजी म्हणाले, "मग झालं." त्यांना स्टेशनवर सोडायला मात्र स्वतः गेले.

म्हणजे ज्याच्या आपण दोन गल्ल्या चोरल्या, तो आला. तू नाही आलास.

माझं गोंदियाला जाणं अजून बंदच आहे.

भूमेश्वरी

*

आश्रमशाळा
६ फेब्रुवारी २०११

भूमेश्वरी,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षं मी रक्त आटवून जे उभं केलं ते तू एका तासात मोडलंस, आणि वरून मलाच चोर म्हणतेस. बाहेरच्यांनी केलं असतं तर दुःख नव्हतं. माझे खासगी निरोप चार लोकांना वाटताना तुला काही वाटलं नाही? घरच्या माणसावर भरवसा ठेवला, ही माझी चूक.

साक्षगंध २० तारखेला आहे. काकाजी, काकू येतीलच. तुझ्या मनात जे आहे ते त्या दिवशी बाहेर येऊ नये, एवढी अपेक्षा.

टिकेश

*

देवरी
३० सप्टेंबर २०१२

प्रिय भूमे,

दीड वर्षाने लिहितो. आता इथे रेंज आहे, तुझा नंबरही काकूंकडून घेतला आहे, पण हे फोनवर बोलता येणार नाही.

काकाजी जातील असं कोणाला वाटलं होतं? छातीत कळ आली म्हणून नेलं आणि तीन दिवसांत सगळं संपलं. तेरवीला तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. चूक तुझी नाही.

माझ्या लग्नात तू कोपऱ्यात बसून पानं पुसत होतीस, ते मला दिसलं होतं. तुझं स्थळ दोनदा मोडलं, तेही कळलं. सायबरमध्ये ती दुसरी मुलगी अजून शिकवते, तिच्याच बॅचला माझी बायको जात होती. घरी येऊन ती सांगायची, आज हे शिकवलं, आज ते शिकवलं, आणि मी उठून बाहेर जायचो. दर वेळी वाटलं की आता बोलावं. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, उकरून काय होणार?

दवाखान्यात मी दोन दिवस काकाजींच्या उशाशी होतो. ते शुद्धीत होते. ठरवूनच गेलो होतो की सांगायचं. ‘काकाजी, ते मी केलं होतं,’ एवढंच वाक्य होतं. पण काकू तिथेच बसलेल्या, माझे बाबूजी येऊन जाऊन. मग वाटलं, आजारी माणसाला आता त्रास कशाला द्यायचा. ते माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना मोसंबीचा रस पाजला आणि बाहेर आलो.

आता सांगायला कोणी उरलं नाही. निदान ते सगळं त्यांना माहीत नसताना गेले, त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट नव्हतं, एवढाच एक दिलासा धरून आहे. तुझ्याबद्दल मात्र ते चुकीचं मनात घेऊन गेले, आणि त्याला मी जबाबदार आहे.

मला माफ कर. करता आलं तर.

टिकेश

*

सौंदड
१४ ऑक्टोबर २०१२

टिकेशभाऊ,

पत्र मिळालं. उत्तर लिहायचं नव्हतं, पण तू ज्या दिलाशाला धरून आहेस तो खोटा आहे, आणि खोट्याला धरून राहायची तुला सवय आहे, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू रस पाजून चहा प्यायला खाली गेलास. माय बाहेर नळावर होती. बाबूजींनी मला जवळ बोलावलं.

"टिकेश तुले काही बोलला का?"

मी म्हटली, "नाही."

"मलेही नाही," ते म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो होतो."

मग म्हणाले, "तो कंडक्टर आला होता ना, त्यानं खरंच सांगितलं होतं. मले तवाच पटलं होतं."

भाऊ, मी त्यांचे पाय दाबून राहिली होती. माझे हात थांबले. मी विचारलं, "मग बाबूजी, मले काऊन नाही जाऊ देलं?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तुले जाऊ देलं असतं तं माह्या भावाच्या, रेवारामच्या पोराले खोटा ठरवा लागला असता. त्याचं जमून राहिलं होतं. भाऊ-भाऊचं घर तुटलं असतं. मले वाटलं, तू तं घरचीच आहेस, तू समजून घेशीन."

त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

म्हणजे दोन वर्षं त्यांना माहीत होतं. जेवताना समोर बसत होते, माझ्या हातची भाकर खात होते, धुरपताबाई कुंपणावरून काही बोलली की खाली पाहत होते, आणि त्यांना माहीत होतं. मी दोन वर्षं असं समजत होती की माझ्या बापाला माझ्यावर भरवसा नाही. भरवसा होता. पण माझ्यापेक्षा तुमचं घर त्यांना जड होतं.

तू लिहितोस माफ कर. तुझ्यावर मला राग होता, तो आता कुठे ठेवायचा ते कळत नाही. बाबूजींवर रागवावं तर त्यांच्या फोटोला अजून हार ताजा आहे. रडावं तर लोक म्हणतात, किती माया होती बापाची. होती, खरंच होती. तेच तर.

ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवायला माणूस पाहिजे आहे, सरपंचांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. पहिल्यांदा असं झालं की कोणाला विचारावं लागलं नाही, आणि त्यासाठी बाबूजींना जावं लागलं. हे मी कोणाजवळ बोलू शकत नाही, तुझ्याजवळ लिहून राहिली, कारण तुझ्याकडून मला आता काही नको आहे.

तुझं हे पत्र मी मायला वाचून दाखवलं नाही. तिला वाटते की दवाखान्यात टिकेशने पोटच्या पोरासारखी सेवा केली. सगळ्यांना सांगत राहते. दिवाळीला येशील तर तुझ्यासाठी करंज्या ठेवीन म्हणते. ये. खा. तिच्यासमोर काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही.

भूमेश्वरी